गाडीत तुम्ही बसलात, नसीरभाई

नसीरभाई,

काल दुपारी पुन्हा महापालिकेतून तो फोन आला. तुम्ही होतात तेव्हा तो तुम्हाला यायचा. आता मला येतो, कारण मंगळवारच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून तुमच्या जागेवर मला बसवलंय. तोच गोड आवाज, तीच 'ताई, एक छोटंसं काम होतं' अशी सुरुवात. शहरात बडे पाहुणे येणार आहेत. विमानतळाचा रस्ता, स्टेशनचा रस्ता, शहागंजची भिंत, सगळं दोन-चार दिवस मोकळं दिसायला हवं. गाड्या ते पाठवणार. आपल्यापैकी कुणीतरी फक्त पुढे चालकाशेजारी बसायचं, म्हणजे फुटपाथवरची माणसं गडबड न करता चढतील. "तुमचं ऐकतात ना ती," तो म्हणाला. उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.

तुम्हाला जाऊन अजून चाळीस दिवसही झाले नाहीत, चाळिसावा व्हायचा आहे. भाभींनी मला त्या दिवशी सकाळपासून यायला बजावलंय आणि बैठकीतल्या मंडळींनी तुमच्यावर चार शब्द लिहायला सांगितलंय. तुमचं शिक्षण, तुमचं खानदान, तुमच्यामुळे किती जणांच्या डोक्यावर छप्पर आलं, हे सगळं दुसरं कुणीतरी लिहील आणि माझ्याहून चांगलं लिहील. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यात टाकून तुम्ही खुशाल निघून गेलात, याचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड बोलावं, असं आई सांगते. पण तुम्ही मला ओळखता.

तशी आपली पहिली भेटही भांडणातच झाली होती. थंडीचे दिवस होते. मी बायकांच्या निवारागृहात नुकतीच कामाला लागले होते, आणि एका मंडळाला स्टेशनवर वाटायला रजया हव्या होत्या, म्हणून त्यांच्याबरोबर शहागंजला तुमच्या गादीघरात आले. तुम्ही कापसाच्या ढिगात बसला होतात. दाढीवर, भुवयांवर, कानात, सगळीकडे कापूस. मंडळाच्या अध्यक्षांनी ऑर्डर सांगितली आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "नाय देणार." त्यांना वाटलं भाव वाढवताय. तुम्ही हात झटकलेत. "साहब, हर साल मी देतो, हर साल तुम्ही वाटता. फोटो निकलता है. माणूस तिथंच ऱ्हातो नि रजई कुत्रं फाडतं. माझ्या बापानं घरात झोपायला गाद्या भरल्या. सडकेवर झोपायला नाय भरल्या."

मी तेव्हाही गप्प बसणारी नव्हते. म्हणाले, "आणि आज कुणी गारठून मेलं तर?" तुम्ही विचारलंत, "कोण? नाव बोल." तुम्हाला वाटलं असेल, ही आता गडबडेल. मी चार नावं सांगितली, कोण कुठल्या खांबाला टेकून झोपतं तेही सांगितलं. तुम्ही उठलात, आतून मोजून चार रजया आणल्यात आणि माझ्या हातात ठेवल्यात. अध्यक्षांना पाचवी काही मिळाली नाही. ते माझ्यावरच चिडले. परतताना मला गाडीत घेतलं नाही, मी रजया डोक्यावर घेऊन चालत गेले.

त्या चार नावांवरूनच पुढचं सगळं सुरू झालं. तोवर या शहरात ज्याचं त्याचं आपापलं चाललं होतं. कुणी खिचडी वाटायचं, कुणी लंगर लावायचं, कुणी औषधं द्यायचं, कुणी अंघोळ घालायचं. एकाच म्हाताऱ्याला तीन ठिकाणचं जेवण मिळायचं आणि त्याच्या पायातली जखम चिघळत राहायची, कारण ती दुसरं कुणी बघत असेल असं प्रत्येकाला वाटायचं. तुम्ही या सगळ्यांना तुमच्या दुकानात, गाद्यांच्या थप्प्यांवर आणून बसवलंत. वार मंगळवार, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी. चहा झाला की तुमचा एकच प्रश्न असायचा, "आज कोण?" कुणीतरी एक नाव घ्यायचं. मग त्याच माणसाबद्दल बोलायचं. कागदपत्रं कोण काढणार, दवाखान्यात कोण नेणार, खोली कोण शोधणार, घरमालकाकडे हमी कोण राहणार, हे ठरल्याशिवाय दुसरं नाव निघायचं नाही. आणि बोलताना जो 'हे लोक' असं म्हणेल त्याने सगळ्यांना भजी खिलवायची. सगळ्यात जास्त भजी माझ्याकडून खाल्लीत तुम्ही. शेवटी शेवटी तर भूक लागली की मला मुद्दाम चिडवून बोलतं करायचात.

खोली मिळाली की मग तुमचा तो रिवाज. गादी दुकानात भरून न्यायची नाही. खोळ, कापूस, सुई-दोरा घेऊन त्या खोलीत जायचं आणि तिथे बसून भरायची, दुसरं टोक ज्याची खोली त्याने धरायचं. अख्खा दिवस जायचा. मी एकदा वैतागून म्हणाले, "मशीनवर अर्ध्या तासात होईल हो." तुम्ही दोरा दातांनी तोडलात. "गादी होईल. शेजार कधी होणार?" आणि खरंच, कापूस उडायला लागला की गल्लीतली माणसं कुरकुरत यायची, दारात उभी राहायची, मग तिथेच टेकायची, नवीन माणसाचं नाव-गाव विचारायची. संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी घरातून चहा आलेला असायचा. वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला कुणी 'तुम्ही कुठले' असं विचारतंय, हे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तुम्ही 'कापूस गेला क्या?' म्हणून हसायचात.

घर कशाला म्हणायचं यावरून आपलं कधीच जमलं नाही. मी पिशोरची. माझे वडील दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन बाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे, आणि लहानपणी आम्हीही त्यांच्याबरोबर रानोमाळ झोपलोय. आम्हाला कुणी बेघर म्हटलं असतं तर आईने काठीच घेतली असती. गावात आमची वाट बघणारं कुणीतरी होतं, म्हणून आम्ही घरचेच होतो. मी तुम्हाला हे सांगायचे आणि तुम्ही मान हलवायचात. "वो अलग बात है बेटा. माणसाला आतून लावायला कडी पाहिजे." मी म्हणायचे, "आणि बाहेरून ती वाजवणारं कुणी नसेल तर?" मग तुम्ही विषय बदलायचात.

मग आपल्याला कौसाबाई भेटली. शहागंजच्या भिंतीला टेकून बसायची. मूळची बिडकीनकडची. नवरा गेल्यावर सासरच्यांनी दार लावून घेतलं, एवढंच ती सांगायची आणि तेही चिडून. दुकानातला उरलासुरला कापूस तुम्ही तिला द्यायचात, ती त्याच्या फुलवाती वळून देवळाबाहेर विकायची. कापूस कुठून आणतेस असं कुणी विचारलं की म्हणायची, "झाडावरून." बैठकीत तिचं नाव कितीदा निघालं असेल! खोली म्हटलं की तिची मान नकारार्थी हलायची. शेवटी एकदा तिनेच कारण सांगितलं. "हितं मेले तर सकाळी झाडूवाली बघंल. तुमच्या खोलीत मेले तर कोन बघंल?"

मी ते बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. दोन आठवड्यांनी तुम्ही मुकुंदवाडीत खोली शोधून काढलीत. मधे अंगण, भोवती चार बिऱ्हाडं, आणि शेजारी शिलाई मशीन चालवणारी एक बाई, जिचं दार दिवसभर उघडं. तिच्याशी तुम्ही ठरवून टाकलंत की रोज सकाळी तिने कौसाबाईची कडी वाजवायची. म्हणजे माझं म्हणणं तुम्ही गुपचूप मान्य केलं होतंत. तोंडाने कबूल केलं असतंत तर काय बिघडलं असतं? कौसाबाई खोली बघून आली, शेजारणीच्या हातचा चहा प्याली आणि म्हणाली, "दसरा होऊ द्या. सणाला वाती लई खपतात. मग येते." तुम्ही खोली धरून ठेवलीत.

दसऱ्याच्या आधी गाडी आली.

मला कुणीतरी फोन करून सांगितलं म्हणून मी स्कूटी घेऊन तडक शहागंजला आले. गाडी उभी होती. माणसं एकेक करून चढत होती, आपापली बोचकी पोटाशी धरून, अगदी शहाण्यासारखी. आणि पुढे चालकाशेजारी तुम्ही. मी काचेवर हात आपटला. तुम्ही काच खाली केली नाहीत. कौसाबाई सगळ्यात शेवटी चढली. चढताना तिने तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत जाऊन बसली. गाडी निघून गेली. भिंतीखाली तिच्या वातींचं टोपलं तसंच राहिलं होतं.

संध्याकाळी मी दुकानात आले तेव्हा तुम्ही माझीच वाट बघत होतात. मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं आणि त्यातलं काही मी मागे घेत नाही. मी म्हणाले, ही माणसं गाडीला भुलून चढली नाहीत, तुमचं तोंड बघून चढली. इतकी वर्षं कमावलेला विश्वास तुम्ही एका सकाळीत दुसऱ्याच्या हवाली केलात. उद्या तुम्ही खोलीचं सांगायला जाल तेव्हा त्यांना तुमच्या मागे ती गाडीच दिसेल. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "मी नाय बसलो तर गाडी येणार नव्हती काय? गेल्या टायमाला काय झालं ते तू बघितलं ना. बोचकी कचऱ्यात फेकली. कुनाच्या गोळ्या गेल्या, कुनाचा फोटो गेला, कुनाचे कागद. आज एक बी बोचकं गेलं नाय. एकावर बी हात उठला नाय. मी होतो म्हणून." मी म्हणाले, "मग त्यांना सांगून का नाही नेलंत?" यावर तुम्ही तराजू पुसत बसलात.

पाहुणे आले आणि गेले. तात्पुरत्या निवाऱ्यातून माणसं एकेक करून बाहेर पडली, बरीचशी आपल्या जुन्या जागी परतली. कौसाबाई मात्र दुसऱ्याच दिवशी तिथून निघाली ती कुठे गेली कुणालाच कळेना. त्यानंतर प्रत्येक मंगळवारी तुम्ही विचारायचात, "आज कोण?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायचात, "कौसाबाई." ती कुठे आहे हेच माहीत नसताना ठरवणार काय? बाकीचे चुळबुळ करायचे. मी एकदा म्हणाले, दुसरीही नावं आहेत. तुम्ही मान हलवलीत आणि दुसरं नाव घेतलंत. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. आपण दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. तुम्ही मला बेटा म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला लागला होतात, आणि मलाही ते तसंच चालू द्यायचं होतं.

मग एका सकाळी शटर अर्धं वर केलंत, दम लागला म्हणून गादीवर टेकलात आणि उठला नाहीत.

भाभींजवळ बसले होते तेव्हा त्यांनी सांगितलं की तुम्ही दुपारचं जेवण झालं की स्कूटर काढायचात. कापूस बघायला जातो म्हणायचात. भाभींना काय कळत नव्हतं? सोयगाव-सिल्लोडचा कापूस बघायला कुणी पैठण रस्त्याने जात नाही. बिडकीनला जाऊन आलात. चितेगावच्या फाट्यावर चहावाल्यांना कौसाबाईचं विचारत फिरलात. छातीत दुखत असताना. "तेरेकू नय बोले?" भाभींनी मला विचारलं. नाही बोललात तुम्ही. मी विचारलंच नव्हतं.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं. मग दिवा घालवून पडले, झोप लागली नाही ती गोष्ट वेगळी. मनात सारखं हेच चाललं होतं की त्या फोनला काय उत्तर द्यायचं. हो म्हटलं तर मी तुमची माफी मागायला हवी. नाही म्हटलं तर उद्या बोचकी कचऱ्यात जातील आणि ते माझ्यामुळे होईल. तुमच्याशी भांडताना मला दुसरी बाजू अगदी स्पष्ट दिसायची. आता दोन्ही बाजू माझ्याच अंगावर आल्यात आणि समोर कुणी नाही.

आज सकाळी दुकानाकडे आले. भाभींनी किल्ली दिली होती, मंगळवारची बैठक अजून तिथेच होते. शटरच्या पायरीवर कौसाबाई बसलेली होती.

नसीरभाई, ती वाळली आहे पण धड आहे. मला बघून उठलीसुद्धा नाही. "कवाची बसलेय. नसीर कुठंय? कापूस पाह्यजे मला," म्हणाली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी टेकले आणि सांगितलं. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "लई घाई केली त्यानं."

मी तिला विचारलं, इतके दिवस कुठे होतीस. चितेगावला भाचीकडे, म्हणाली. भाचीचा नवरा कंपनीत आहे, बरा आहे, पण घर लहान, आता भाचीला दुसरं लेकरू झालं, म्हणून निघून आली. मी म्हणाले, "अगं, ते तुला चितेगावला शोधत फिरत होते."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "फाट्यावर बघितलं की मी. स्कूटर लावून चहा पीत हुता. मी दुकानाच्या आडोशाला झाले."

"का? इतकी रागावली होतीस त्यांच्यावर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी येडपट विचारलं होतं. "राग कशाचा? त्याला लाजवायचं कशाला म्हनून. त्या दिशी गाडीत त्याचं तोंड बघितलंस ना तू? पार उतरलं हुतं. म्हटलं, म्या आता नाय म्हनले तर हा हितंच रडंल. म्हनून चढले."

"तुला ठाऊक होतं गाडी कशासाठी आलीय ते?"

"समद्यांनाच ठाऊक हुतं. सडकेवर ऱ्हातो आमी, आमाला गाड्या कळत नाय व्हय? त्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, येवढंच. त्याला सांगवंना. मग म्हटलं, जरा दिस जाऊ द्यावं, त्याच्या मनातनं जाईल, मग जावं."

मी तिच्यासमोरच रडले. आपण दोघं भांडत होतो ते हिला फसवलं की वाचवलं यावरून, आणि हिने तुमची लाज राखायला म्हणून गाडीत पाय ठेवला होता. तुम्ही मात्र हिला आपण बुडवलं असं समजून उन्हातान्हात हिंडलात. ती पन्नास पावलांवर आडोशाला उभी होती, तुमच्याचसाठी. हे तुम्हाला सांगायला आता माझ्याकडे एवढंच आहे, हा कागद.

मग मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. मुकुंदवाडीची खोली अजून आहे. भाभींनी ती सोडू दिली नाही, पण घरमालक आता थांबत नाही, आज राहायला गेलीस तर तुझी, नाहीतर उद्या तो दुसऱ्याला देणार. आणि दुसरं, उद्या सकाळी पुन्हा गाडी येणार आहे. का येणार, कुठे नेणार, किती दिवस ठेवणार, मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं.

"मला सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाली. "समद्यांना सांग."

दुपारभर आम्ही दोघी तेच करत होतो. भिंतीपासून सुरुवात केली, मग बाजारातून स्टेशनच्या रस्त्यापर्यंत. काहींनी शिव्या घातल्या. एकाने विचारलं, जेवण चांगलं असतं का तिथं? असतं म्हटल्यावर तो यायला तयार झाला. बरेच जण म्हणाले, आम्ही नाही येणार, आणि बोचकी आवरून घ्यायला लागले. संध्याकाळी मी त्या माणसाला फोन केला. सांगितलं की मी सगळ्यांना आधीच सांगितलंय, ज्याला यायचं तो स्वतःहून येईल, मी गाडीत बसणार नाही. पलीकडून तोच गोड आवाज, "मग राहू द्या ताई. आमची आम्ही व्यवस्था करतो." त्याने फोन ठेवला. व्यवस्था म्हणजे काय ते तुम्ही आणि मी दोघांनी बघितलेलं आहे.

मी रिक्षा थांबवली. कौसाबाईला म्हणाले, चल, बस, खोली गाठू. ती भिंतीपाशी उभी होती, एका हातात तुमच्या दुकानातला कापूस. पलीकडे एक आंधळी म्हातारी बसते, ती काय चाललंय म्हणून मान इकडून तिकडे वळवत होती.

"उद्या गाडी येनार म्हनतीस," कौसाबाई म्हणाली, "नि मी खोलीत जाऊन कडी लावू? हिला कोन सांगंल, गाडी आली म्हनून?"

मी तिला समजावलं. मग रागावले. खोली जाईल, पुन्हा अशी मिळणार नाही, या एका खोलीसाठी ते गेले गं, असंही बोलून गेले. ती म्हणाली, "तो असता तरी मी हेच म्हनले असते." रिक्षावाला कंटाळून निघून गेला. खोली उद्या जाईल. तुम्ही दसऱ्यापासून सांभाळलेली खोली माझ्या एका खऱ्या बोलण्यापायी गेली, नसीरभाई. तुमची गाडी, तुमचं न सांगणं, त्यात निदान बोचकी तरी वाचली होती. माझ्या सांगण्यात काय वाचणार आहे ते मला उद्याच कळेल.

घरी येऊन हे लिहितेय. सकाळी लवकर उठून मी शहागंजला जाणार आहे आणि भिंतीखाली त्या दोघींच्या शेजारी बसणार आहे. त्यांना उचलायचं असेल तर मलाही उचलावं लागेल. याने काही थांबेल असं नाही. मला दुसरं काही सुचलेलं नाही. बैठकीतल्या चौघांना फोन केला, दोघे येतो म्हणालेत.

पण तुमच्यापासून काय लपवायचं! मी घाबरले आहे. उद्या कोपऱ्यावरून गाडी वळेल तेव्हा मी आधी पुढच्या काचेतून आत बघणार आहे, चालकाच्या शेजारी तुम्ही बसलाय का म्हणून.

तुमची,
सुमन